नऊ नंबर दमत नाही

“नऊ नंबर दमत नाही,” मी वैरागडे मॅडमना बसमध्ये तिसऱ्यांदा सांगितलं.

मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. मे महिना होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि बसच्या पत्र्याला आत्ताच हात लावता येत नव्हता. त्यांनी दुपट्टा हनुवटीखाली ओढला.

“माणूस आहे ना ती? मग दमतच असंल.”

“आकड्यांत दमत नाही.”

“आकड्यांत तर आपलं हॉस्टेल पण शंभर मुलींचं आहे, राहतात किती ते जाऊन बघ,” मॅडम म्हणाल्या आणि दुपट्टा पुन्हा नाकावर चढवला.

मॅडम आमच्या नागपूरच्या कॉलेजच्या क्रीडा संचालक आणि मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक होत्या. स्वतः रेल्वेकडून बारा वर्षं खेळलेल्या. मी तेवीस वर्षांची होते, संख्याशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेली आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी. खेळता मला कधीच आलं नाही, पण सामन्यांना टेबलावर बसून गुणपत्रक लिहायला मला आवडायचं. मार्चमध्ये एका सामन्यानंतर मॅडम सहज म्हणाल्या होत्या, की या पोरींतल्या सात जणी दोन वर्षांत पास होऊन जातील, तीन वर्षांनी माझा संघ कोणता असेल कोण जाणे. त्यांना उत्तर नको होतं. मी मात्र दुसऱ्याच दिवशी तीन वर्षांनंतरच्या संघातल्या बारा जणींची यादी करायच्या कामाला लागले.

जिल्हा संघटनेच्या कपाटात कनिष्ठ महाविद्यालयांच्या दोन वर्षांच्या सामन्यांची गुणपत्रकं पडून होती. ती मी घरी आणली. बास्केटबॉलच्या गुणपत्रकात बरंच काही असतं. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. बास्केटला तिरकी रेघ, लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटला शिवाय नंबराभोवती गोल, फाऊलमुळे मिळणाऱ्या फ्री थ्रोला भरीव ठिपका, आणि प्रत्येक गुणाशेजारी तो कोणत्या नंबरच्या खेळाडूने केला ते. म्हणजे सामना न पाहताही कोणी कधी आणि कसे गुण केले ते कळतं. निदान मला तसं वाटत होतं.

दीड महिन्यात मी एकशे बारा मुलींचे तक्ते केले. एकशे अकरा जणींची रेघ चौथ्या क्वार्टरला खाली यायची. पाय जड होतात, नेम चुकतो, सगळ्यांचंच होतं. पालेखेड्याच्या एका शाळेची नऊ नंबर तेवढी खाली येत नव्हती. गुणपत्रकात तिचं नाव ‘नैताम मो.’ असं होतं. तेवीस सामने, सरासरी सतरा गुण, आणि शेवटच्या दहा मिनिटांत पहिल्या दहांपेक्षा जरा जास्तच. आणखी एक गोष्ट होती. मध्यंतरापूर्वी ती आत घुसून फाऊल मिळवायची, तिचे निम्मे गुण ठिपक्यांचे असायचे. मध्यंतरानंतर ठिपके जवळजवळ बंद, सगळ्या तिरक्या रेघा, लांबून मारलेल्या बास्केटच्या. मी अहवालात लिहिलं होतं, ‘ही खेळाडू मध्यंतरात प्रतिस्पर्ध्यांचा विचार करून आपला खेळ बदलते.’ हे वाक्य मला फार आवडलं होतं.

क्रीडा कोट्यातली, हॉस्टेलसकट एकच जागा त्या वर्षी उरली होती. शहरातलीच एक पाच फूट अकरा इंचांची मुलगी त्या जागेसाठी दोनदा येऊन गेली. माझ्या अहवालावर भरवसा ठेवून मॅडमनी तिला थांब म्हटलं. ती कशाला थांबते, तिने दुसरीकडे प्रवेश घेतला. आता शुक्रवारपर्यंत नाव दिलं नाही तर जागा हॉकीला जाणार होती. आज बुधवार होता.

पालेखेड्याला गुरनुले सर फाट्यावरच उभे होते. शाळेचे क्रीडाशिक्षक, पन्नाशीचे, बारीक, गळ्यात शिट्टी. इतक्या उन्हात संध्याकाळी पाचआधी कोणी मैदानात उतरणार नव्हतं, म्हणून त्यांनी आम्हाला घरी नेऊन जेवू घातलं. नागपूरहून कोणी त्यांच्या शाळेतल्या मुलीला न्यायला आलंय हेच त्यांना पुरेसं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, असं ते दोनदा म्हणाले. मॅडमनी त्यांना सरळ सांगितलं, की जागा एकच आहे आणि खेळ पाहिल्याशिवाय मी सही करत नाही.

पाच वाजता आम्ही मैदानावर गेलो. डांबराचं कोर्ट होतं, कडेच्या रेघा चुन्याने नुकत्याच मारलेल्या, रिंगला जाळी नव्हती. सरांनी बारावीच्या मुलींचा संघ एका बाजूला आणि अकरावीच्या मुली दुसऱ्या बाजूला उभ्या केल्या होत्या. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव ठरले. सवयीने मी टेबल मागवलं आणि कोरं गुणपत्रक काढलं.

नऊ नंबर काटक होती, दोन वेण्या घातलेली. चेंडू मिळाला की सरळ आत घुसायची. दहा मिनिटांत तिला सहा फ्री थ्रो मिळाले, त्यातले पाच रिंगमध्ये गेले. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी भुवया वर केल्या, वाईट नाही अशा अर्थाने.

मध्यंतरात मुली पाण्याच्या टाकीमागे गेल्या. परत आल्या तेव्हा नऊ नंबरला एकच वेणी होती.

मला आधी वाटलं तिने केस पुन्हा बांधले. मग ती डाव्या हाताने चेंडू आपटत आली आणि कोपऱ्यातून तिने पहिली बास्केट मारली, तीही डाव्या हाताने. दोन वेण्यांची मुलगी फ्रॉकवजा कुर्ता घालून बाकावर बसली होती आणि दुपट्ट्याने मान पुसत होती.

“सर, नऊ नंबर बदलली,” मी म्हणाले.

“हो, दुसरा डाव अस्मिताचा असतो,” गुरनुले सर म्हणाले. त्यांच्या आवाजात लपवालपवी अजिबात नव्हती. मला हे माहीत नाही याचंच त्यांना नवल वाटलं. मग त्यांनी सांगितलं. मुली दहा आणि शर्ट नऊ. दहावा होता तो इस्त्रीत जळला. नावं शर्टाच्या नंबरावर जातात, त्यामुळे यादीत मोनाली नैताम. पहिला डाव मोनाली खेळते, मध्यंतरात शर्ट काढून अस्मिता रामटेकेला देते. तालुक्याला सगळ्यांना ठाऊक आहे, पंचही काही म्हणत नाहीत. जिल्ह्याला एवढं कोणी बघतच नाही.

मॅडम हसायला लागल्या. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. डोळे पुसून त्या मला म्हणाल्या, “तुझी नऊ नंबर दमत नाही, बाप्पा. दमायच्या आधी घरी जाते ती.”

मला हसू आलं नाही. मी दीड महिना त्या तक्त्याकडे पाहिलं होतं. ठिपके एकीकडे, रेघा दुसरीकडे, इतकं स्वच्छ विभागलेलं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलीनेही विचारलं असतं, की ही दोन वेगळी माणसं तर नाहीत? मी मात्र त्यातून एक हुशार मुलगी तयार केली होती.

खेळ संपल्यावर दोघी आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आम्ही कशाला आलोय ते त्यांना माहीत होतं. बारावी झालेली. ही जागा जिला मिळेल ती नागपूरला खेळणार; राहील ती तालुक्याच्या कॉलेजात, तिथे बास्केटबॉलचा खांबसुद्धा नाही. अस्मिता अजून त्याच शर्टात होती. तो पाठीवर पूर्ण भिजला होता आणि त्यातला निम्मा घाम तिचा नव्हता. दुसऱ्याचा ओला शर्ट घालताना कसं वाटतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, “बरं वाटते. आधीच खेळून आल्यावानी.”

मॅडमनी मला बाजूला घेतलं. कोणती ते सांग, म्हणाल्या. पण गुरनुले सरांचं एक वाक्य मला टोचत होतं. ते म्हणाले होते, की शर्ट देताना मोनाली तिला सगळं सांगते. कोण कुठली बाजू मोकळी सोडते, कोण उंच उडत नाही. म्हणजे अस्मिताच्या गुणांत मोनालीची नजर किती आणि तिचा स्वतःचा हात किती, हे माझ्या गुणपत्रकांवरून कळणं शक्य नव्हतं. कारण तेवीसच्या तेवीस सामन्यांत क्रम एकच होता.

“क्रम उलटा करून बघू,” मी म्हणाले. “आधी अस्मिता, नंतर मोनाली. समोर दुसरा संघ पाहिजे. आणि मधे दोघींनी बोलायचं नाही.”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. शेवटची बस साडेसातची होती. गुरनुले सर सायकलवर टांग टाकून गेले आणि वीस मिनिटांत गेल्या वर्षी पास झालेल्या पाच मुली घेऊन आले. एक जण तर स्वयंपाकातून उठून आली होती, हाताला पीठ होतं.

मोनालीला मी माझ्या टेबलाशी बसवलं. पहिली तीन मिनिटं अस्मिताने रिंगकडे एकदाही चेंडू मारला नाही. आला की देऊन टाकायची आणि नुसती पळायची. मॅडम पाय हलवत होत्या. मला वाटलं, संपलं. सांगायला कोणी नाही तर हिला काही सुचत नाही.

मोनाली शेजारी पुटपुटत होती. ती बुटकी आहे ना, ती उजवीकडं पाहूनच राहत नाही. मला ते अजिबात दिसलं नव्हतं. मी बुटकीकडे पाहू लागले. चौथ्या मिनिटाला अस्मिता त्याच उजव्या बाजूने गेली आणि तिथूनच मारलं. मग पुन्हा. मग बुटकीच्या मदतीला दुसरी आली तेव्हा मोकळ्या झालेल्या कोपऱ्यातून.

“तिले दिसलं,” मोनाली म्हणाली. “मले वाटे मी सांगतो म्हणून जमते तिले.”

दहा मिनिटांत अस्मिताचे अकरा गुण झाले, सगळे शेवटच्या सात मिनिटांतले. दुसऱ्या डावात मोनाली आत घुसली, पडली, उठली, चार फ्री थ्रो घातले. तिचा खेळ जसा होता तसाच राहिला. चांगली होती ती, मेहनती होती. पण उत्तर माझ्यासमोर लाल-निळ्या शाईत होतं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला खात्री वाटली.

“रामटेके,” मी म्हणाले.

“मलाही तेच वाटते,” मॅडम म्हणाल्या. “सर, फाईल आणा पोरीची. सर्टिफिकेटं लागतील.”

गुरनुले सर जागचे हलले नाहीत. मग शाळेत जाऊन त्यांनी एक प्लास्टिकची फाईल आणली आणि टेबलावर उघडली. तालुक्याची दोन प्रमाणपत्रं, जिल्ह्याची दोन, विभागाचं एक. पाचही मोनाली नैतामच्या नावाची. अस्मिताचं एकही नव्हतं. असणार कसं? कागदावर ती कधी खेळलीच नव्हती. आणि कोट्याची जागा कागदावर मिळते.

मी म्हणाले, की माझ्याकडे तेवीस गुणपत्रकं आहेत. मध्यंतरानंतरचे गुण वेगळे दाखवता येतात, सर लिहून देतील, मी विद्यापीठात समजावून सांगेन. मला खरोखर वाटत होतं की बरोबर मांडलं तर कोणीही ऐकेल.

“काय समजावशील?” मॅडमनी शांतपणे विचारलं. “एका नंबरावर दोन पोरी खेळवल्या म्हणून? ते एकदा सिद्ध केलं की ही पाच पण रद्द. मोनालीची रद्द, बाकीच्या आठ जणींची रद्द. तिला जागा नाही, हिलाही नाही.”

गुरनुले सर फाईलच्या कडेवरून बोट फिरवत होते. शर्ट एक कमी होता, एवढंच ते म्हणाले.

अर्जावर मॅडमनी मोनालीचं नाव घातलं. मोनालीने सही करताना एकदा अस्मिताकडे पाहिलं. अस्मिताने तिला हातानेच खूण केली, कर म्हणून. तिने शर्ट काढून घडी करून सरांना दिला होता आणि आता ती घरच्या कपड्यांत होती. मॅडम तिला काहीतरी सांगत होत्या, की तू चांगली आहेस, खेळ सोडू नको. असं सगळेच सांगतात. ती मान हलवत होती.

मी गुणपत्रकं पिशवीत भरत होते तेव्हा ती टेबलाशी आली.

“मॅडम, याच्यात माझे किती झाले?”

मला आधी आजचेच वाटले. तिने पिशवीकडे बोट केलं. “सगळ्या मॅचचे. दोन वर्षांचे.”

मी तोपर्यंत ती बेरीज केली नव्हती. नऊ नंबरची एकूण होती, अर्ध्या-अर्ध्याची नव्हती. मी तेवीस कागद पुन्हा टेबलावर काढले आणि प्रत्येकावर मध्यंतराची आडवी रेघ शोधून तिच्याखालचे नऊ नंबरचे गुण मोजू लागले. ऊन उतरत होतं. अस्मिता माझ्या डाव्या खांद्यावरून पाहत होती, आणि थोड्या वेळाने उजवीकडून मोनालीही आली. एका कागदावर मी एक तिरकी रेघ चुकवली, ती अस्मिताने दाखवली. वरोऱ्याची मॅच, म्हणाली, ती शेवटची, शिट्टीच्या बरोबर गेली होती. कागदावर ती खरंच शेवटची होती.

“दोनशे चौदा,” मी म्हणाले.

“आन् हिचे?”

“एकशे सत्त्याऐंशी.”

अस्मिता मोनालीकडे वळली. तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला. “पाह्य. म्या म्हटलं होतं का नाही.”

“तुले दमलेल्या पोरी भेटे समोर,” मोनाली म्हणाली. “मले ताज्या.”

“मग तू घ्याचा होता दुसरा डाव.”

“ओला शर्ट कोण घालते मग?”

गुरनुले सरही हसले. मग अस्मिता माझ्याकडे वळून म्हणाली, की हे लिहून द्या. माझं नाव, आकडा, आणि खाली तुमची सही. मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं, की या कागदाला कुठेही किंमत नाही, कोणी प्रवेश देणार नाही यावर.

“प्रवेशाले नाही. घरी दाखवाचं हाय. बाबा म्हणते तू खेळते तं तुझं नाव कुठंच कसं नाही.”

मी कोऱ्या गुणपत्रकाच्या मागे लिहिलं. अस्मिता रामटेके, तेवीस सामने, तिसरा व चौथा क्वार्टर, दोनशे चौदा गुण. खाली माझं नाव, पदवी, तारीख. तिने ते दोनदा वाचलं. मग मॅडमना विचारलं, की कॉलेजच्या संघाची निवड कधी असते आणि त्यासाठी प्रमाणपत्र लागतं का. लागत नाही, मॅडम म्हणाल्या, कॉलेजात साधा प्रवेश असला की पुरे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सहाला. पण हॉस्टेल नाही मिळणार.

“कामठीले मावशी राहते,” अस्मिता म्हणाली. कामठी नागपूरला लागूनच आहे.

साडेसातच्या बसमध्ये मॅडमनी दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला. खिडकीतून गार नाही पण निदान वारा येत होता. त्या म्हणाल्या, आता तुझी ती तीन वर्षांनंतरची यादी दुरुस्त कर. मी वही काढली. नऊ नंबर खोडलं. त्या जागी नैताम लिहिलं. आधीच्या बारांत मला कधीच खात्री नसलेलं एक नाव होतं, ते खोडून त्याखाली रामटेके लिहिलं.

त्या यादीतली सात नावं पुढे बरोबर निघाली, पाच चुकली. नैताम चुकलेल्यांत होती. दुसऱ्याच वर्षी ती पोलीस भरतीत लागली आणि जाताना मला पेढे देऊन गेली. गेली चौदा वर्षं मी असे अंदाज बांधायचंच काम करते आहे, खेळाडूंचे नाही, पण अंदाजच. बारांत सात हे वाईट प्रमाण नाही.

मॅडमनी वही ओढून घेतली आणि दिव्याखाली धरली.

“ही तर आपल्या कॉलेजात पण नाही अजून.”

“येईल.”

“घरचे सोडतील कशावरून? आधार काय तुझा?”

आकडेवारी विचारल्यावर मी एरवी पानं उलटते. त्या वेळी उलटली नाहीत. “तिने स्वतःचा आकडा मागून घेतला,” मी म्हणाले.

मॅडमनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि बस खड्ड्यांतून उसळत असताना रामटेकेच्या नावापुढे शर्टाचं माप लिहिलं.